अनोळखी झाड ओळखायचं कसं? मराठवाड्यातल्या अंगणापासून माळरानापर्यंत

मृगाचा पहिला मोठा पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले की मराठवाड्यात रिकामी जागा रिकामी राहत नाही. एनए झालेले प्लॉट, पायऱ्यांच्या फटी, गच्चीवरच्या कुंड्या, वावराचा धुरा, रस्त्याकडेची मुरमाड पट्टी, सगळीकडे काहीतरी हिरवं उगवून येतं. नोकरीनिमित्त नव्यानं आलेल्यांना किंवा फ्लॅट सोडून पहिल्यांदा अंगणाचं घर घेतलेल्यांना त्यातली तुळस ओळखू येते, कडुनिंब ओळखू येतो, बाकीचं सगळं गवत. मग ते एकतर तण म्हणून उपटलं जातं, नाहीतर शेजारचं कुणी 'औषधी आहे' म्हणालं म्हणून जपलं जातं. दोन्ही वेळा झाडाकडे नीट पाहिलेलं नसतंच.

मी परभणीच्या कडेला नव्या कॉलनीत राहायला आले तेव्हा आमच्या चारही बाजूंनी मोकळे प्लॉट होते. तिथली झाडं मी खुरपणीला येणाऱ्या बायांकडून शिकले, वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या ओळखीच्या शिक्षकांकडून शिकले आणि मोबाइलच्या मदतीनंही शिकले. या सगळ्यातून एक गोष्ट पक्की झाली. नाव सगळ्यात शेवटी येतं. आधी झाड ठरावीक क्रमानं पाहायचं. तो क्रम सोडून थेट नावाकडे उडी मारली की बकाण निंबाचा कडुनिंब होतो आणि पिवळा धोतरा औषध ठरतो. म्हणून खाली पायऱ्या त्याच क्रमानं दिल्या आहेत.

काय काय लागतं

- वही आणि पेन्सिल. पावसात पेनाची शाई पसरते.
- दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग. प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानात मिळतं.
- सहा इंची मोजपट्टी.
- रबरी हातमोजे आणि खुरपं.
- जुनी वर्तमानपत्रं आणि दोन-चार कागदी पाकिटं.
- साधा कॅमेरा असलेला मोबाइल. महागाचा लागत नाही.

१. हात लावण्याआधी कोणापासून जपायचं ते माहीत करून घ्या

ओळख पटायच्या आधीच त्रास देणारी काही झाडं आपल्याकडे सर्रास आढळतात. त्यांचे चेहरे आधी पाठ करा.

गाजर गवत सगळ्यात आधी. काँग्रेस गवतही म्हणतात. कोवळेपणी पानं जमिनीलगत गोल पसरलेली, गाजराच्या पाल्यासारखी चिरलेली. मोठं झालं की कमरेएवढं वाढतं आणि टोकाला बारीक पांढऱ्या फुलांचे झुबके येतात. भारतात १९५५ साली पुण्यात त्याची नोंद झाली आणि आता त्याच्याशिवाय एकही पडीक जागा सापडत नाही. कातडीला खाज, पुरळ, काहींना शिंका आणि दम्याचा त्रास होतो. उपटायचंच असेल तर फुलं येण्याआधी, पावसानं जमीन ओली असताना आणि हातमोजे घालून.

रुई आणि शेराचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. बिब्ब्याच्या फळातल्या काळ्या रसानं कातडीवर फोड उठतात. काहींच्या अंगावर तर नुसत्या झाडाच्या संपर्कानं उतू येतं. खाजकुयरीच्या शेंगांवरची तपकिरी लव हाताला लागली की खाज आवरत नाही, आणि पाणी ओतून चोळलं तर ती आणखी पसरते.

लहान मुलांना सोबत नेत असाल तर त्यांना एकच नियम सांगा. विचारल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही आणि चीक लागलेला हात डोळ्याला लावायचा नाही.

२. जागा आणि महिना लिहून ठेवा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. झाड कुठे आणि कधी उगवलं एवढ्यावरच निम्मी यादी गळून पडते. काळ्या खोल जमिनीत पिकासोबत आलं, मुरमाड माळावर आलं, नाल्याच्या ओलीला आलं, की भिंतीच्या फटीत? महिना तर त्याहून महत्त्वाचा. तरोटा, केना, कुंजरू, तांदुळजा पावसाबरोबर येतात. चंदनबटवा आणि पिवळा धोतरा हरभरा-गव्हाच्या दिवसांत दिसतात. पळस, पांगारा आणि काटेसावर उन्हाळ्याच्या तोंडाशी पानं झडल्यावर फुलतात, तर बहावा एप्रिल-मे मध्ये.

वहीत एवढं पुरे: तारीख, गाव, जमीन कशी, ऊन की सावली, उंची किती, आजूबाजूला काय आहे.

३. पान पाहा, पण आधी पान कुठे सुरू होतं ते शोधा

इथे सावकाश जा, कारण निम्मे घोळ इथेच होतात.

कडुनिंबाची डहाळी हातात घ्या. आपण ज्याला सहज 'पान' म्हणतो ती खरं तर पर्णिका असते. खरं पान म्हणजे तो सगळा दांडा आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या पर्णिका मिळून. हे कसं ओळखायचं? दांडा जिथे फांदीला चिकटतो त्या बगलेत नीट पाहा. तिथे बारीक कळी असते, पुढची फांदी तिथूनच फुटणार असते. पर्णिकेच्या बगलेत अशी कळी कधीच नसते. ज्याच्या बगलेत कळी, ते पान. एवढं एक जमलं की 'साधं पान' (एकसंध) आणि 'संयुक्त पान' (पर्णिका मिळून झालेलं) यातला फरक आयुष्यभर विसरत नाही.

आता हेच गुढीपाडव्याला वापरून पाहा. पाडव्याच्या सकाळी लोक कडुनिंबाचा मोहर आणि कोवळा पाला तोडायला निघतात आणि शहरात रस्त्याकडेला लावलेल्या बकाण निंबाकडे हात जातो. लांबून दोन्ही सारखेच. जवळ जाऊन एक पूर्ण पान तोडून तळहातावर ठेवा. कडुनिंबात मधल्या दांड्याला थेट पर्णिका लागलेल्या असतात, विळ्यासारख्या किंचित वाकड्या, कडेला दाते. बकाणात मधल्या दांड्याला आणखी दांडे फुटतात आणि पर्णिका त्या उपदांड्यांवर असतात. फुलंही वेगळी, कडुनिंबाची पांढरी आणि बकाणाची फिकट जांभळी. बकाणाची गोल पिवळी फळं पानं झडल्यावरही झुबक्यानं लटकत राहतात, कडुनिंबाची निंबोळी पावसाच्या सुरुवातीला गळून जाते. बकाणाची फळं विषारी आहेत. म्हणून पाडव्याच्या प्रसादाला पाला घेताना ही दोन मिनिटं द्याच.

पर्णिकांची संख्याही मोजायची सवय लावा. भुईमुगाच्या वावरात कोवळा तरोटा पटकन ओळखू येत नाही. भुईमुगाच्या पानाला पर्णिकांच्या दोन जोड्या असतात, तरोट्याच्या पानाला तीन. नवखा माणूस खुरपायला बसला तर त्याला एवढंच सांगायचं, 'चार पानाचं ठेवा, सहा पानाचं काढा.' आणि 'पळसाला पाने तीनच' ही म्हण तर आपण रोज वापरतो. ती झाड ओळखायलाही तितकीच खरी आहे. तीन मोठ्या, खरखरीत, जाड पर्णिका आणि मधली सगळ्यात मोठी.

४. मांडणी, खोड आणि चीक

पानं फांदीवर कशी बसली आहेत ते पाहा. समोरासमोर जोडीनं (रुई, तुळस, आघाडा, एकदांडी), एकाआड एक (धोतरा, तांदुळजा, पिंपळ), की एकाच ठिकाणी तीन किंवा जास्त (कण्हेर, सप्तपर्णी). मग खोड बोटात फिरवून पाहा. चौकोनी खोड, समोरासमोर पानं आणि चुरगळल्यावर उग्र वास असं तिन्ही जुळलं तर झाड बहुधा तुळशीच्या कुळातलं. रानतुळस, सब्जा, दीपमाळ सगळी तिथलीच. घाणेरीलाही ही तिन्ही लक्षणं लागू पडतात आणि ती या कुळातली नाही. तिला आखूड वाकडे काटे असतात आणि फुलांचे गोल रंगीत गुच्छ येतात. घाणेरीचा पाला गुराढोरांना विषारी आहे. म्हणून गोठ्याजवळच्या कुंपणाला ती दिसली तर ओळख आणखीच काळजीनं करा.

पानाचं टोक मोडून चीक येतो का ते पाहा. हातमोज्यानं मोडा आणि हात लगेच धुवा. पांढरा चीक आला तर वड-पिंपळ-उंबराचं कुळ, रुईचं, किंवा दुधी-शेराचं. पिवळा चीक आला तर आपल्या भागात बहुतेक वेळा तो पिवळा धोतराच.

चिकाची परीक्षा कुठे उपयोगी पडते ते घोळ भाजीच्या उदाहरणानं पाहू. पेव्हर ब्लॉकच्या फटीत जमिनीला चिकटून लालसर देठाचं काहीतरी पसरतं. त्यात घोळ असते आणि शेजारीच नायटी किंवा दुधी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लहान वनस्पतीही असतात. भाजी खुडताना दोन्ही एकाच मुठीत येतात. गुडघे टेकून बसा आणि एकेक देठ वेगळा करा. घोळीचं पान जाड, रसाळ, देठाकडे निमुळतं, फांदीच्या टोकाला पानांचा दाट झुबका. देठ मोडला तर नुसतं पाणी निघतं. दुधीचं पान पातळ आणि बारीक, जोडी-जोडीनं बसलेलं, आणि देठ मोडताच पांढरा थेंब दिसतो. सकाळी उन्हात घोळीला पाच पाकळ्यांचं पिवळं फूल उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं. फळ पिकलं की डबीच्या झाकणासारखा त्याचा वरचा भाग अलगद निघतो आणि आत काळं चमकदार बी दिसतं. ही डबी भिंगाखाली एकदा पाहाच. पांढरा थेंब दिसला की तो देठ भाजीत नको, हा नियम आमच्याकडच्या बाया मुलींना लहानपणीच शिकवतात.

५. फुलासाठी आणि फळासाठी थांबा

नुसत्या पानावरून कुळापर्यंत जाता येतं, नक्की ओळख बहुतेक वेळा फुलाफळावरच पटते. म्हणून घाई नसेल तर झाड उपटू नका. शेजारी एक काडी रोवून ठेवा आणि फुलू द्या.

बाभळींचं उदाहरण घ्या. माळावर काटेरी, बारीक पानांचं झाड दिसलं की सगळे 'बाभूळ' म्हणतात. आपल्या देशी बाभळीला पिवळी गोल फुलं येतात आणि शेंग मण्यांची माळ ओवल्यासारखी, जागोजागी आवळलेली. वेडी बाभूळ परदेशातून आलेली. तिचे फुलोरे लांबट, लोंबते, हिरवट पिवळे आणि शेंग जवळपास सरळ. हिवराची साल फिकट असते, फुलं गोल पण दुधाळ रंगाची, मोठ्या झुपक्यांत. सुबाभळीला तर काटेच नाहीत. फुलं पांढरी गोल आणि चपट्या शेंगांचे घोस. चौघींची पानं शेजारी शेजारी ठेवली तर नवखा माणूस चक्रावतो. एकेक शेंग ठेवली की प्रश्न सुटतो.

दसऱ्याला आपट्याच्या नावानं कांचनाची पानं राजरोस विकली जातात. आपट्याचं पान लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंद, कांचनाचं मोठं आणि पातळ. पानावरून शंका राहिली तर झाडाची फुलं आठवा. कांचनाची मोठी, गुलाबी-जांभळी किंवा पांढरी, आपट्याची लहान आणि फिकट पिवळसर. सोनं वाटायचंच असेल तर दोघांपैकी कुठल्याच झाडाच्या फांद्या ओरबाडू नका, चार पानं पुरतात.

गणपतीच्या पत्री हा सरावाचा सगळ्यात चांगला वर्ग आहे. आघाडा, माका, धोतरा, रुई, डोरली, कण्हेर, शमी, विष्णुक्रांता, हादगा, अर्जुन अशी पानं एकाच टोपलीत मिळतात. विकत आणलेल्या जुडीतलं प्रत्येक पान वेगळं काढा आणि वरच्या पायऱ्या त्याच्यावर वापरून पाहा. जुडीत भलतंच पान घातलेलं असेल तर तेही लक्षात येईल.

६. फोटो कसे काढायचे

एका फोटोवर कुणीही जाणकार नाव सांगणार नाही. सांगितलं तर त्याच्यावर विसंबू नका. इतके फोटो हवेत:

1. जागेसकट पूर्ण झाड.
2. पान फांदीला जिथे लागतं तो भाग जवळून.
3. पानाची वरची बाजू आणि खालची बाजू, दोन्ही.
4. फूल समोरून आणि बाजूनं.
5. फळ किंवा शेंग, जमलं तर फोडून.
6. खोडाची साल, काटे, लव.

प्रत्येक फोटोत मोजपट्टी किंवा पेन ठेवा, म्हणजे आकार कळतो. बारीक फूल कॅमेऱ्याला धरता येत नसेल तर त्याच्यामागे तळहात धरा. भर दुपारच्या उन्हात रंग उडतात, सकाळची वेळ बरी. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि पानावरची लव, दाते दिसेनासे होतात. तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

७. अ‍ॅप वापरा, पण त्याचं काम तेवढंच ठेवा

गुगल लेन्स, प्लांटनेट आणि आयनॅचरलिस्ट ही तीन सोयीची आहेत. लेन्स इंटरनेटवरच्या चित्रांशी तुलना करतं, त्यामुळे शोभेच्या झाडांना चांगलं आणि रानातल्या तणाला कच्चं. प्लांटनेटमध्ये फोटो पानाचा, फुलाचा, फळाचा की सालीचा हे सांगता येतं आणि एकाच झाडाचे अनेक फोटो एकत्र देता येतात. ते जरूर करा, उत्तर बरंच सुधारतं. आयनॅचरलिस्टवर इतर अभ्यासक तुमची नोंद तपासतात. उत्तर उशिरा येतं, पण ते माणसांनी पाहिलेलं असतं. भारतातल्या वनस्पतींसाठी इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल आणि फ्लॉवर्स ऑफ इंडिया या संकेतस्थळांवर फोटो ताडून पाहता येतात.

इथला सापळा असा. अ‍ॅप नेहमी काहीतरी नाव देतंच. ते युरोपातल्या किंवा दक्षिण अमेरिकेतल्या एखाद्या झाडाचंही असू शकतं. म्हणून नाव आलं की ती वनस्पती भारतात, त्यातही दख्खनच्या कोरड्या भागात आढळते का ते पाहा. नंतर वहीतली लक्षणं एकेक करून ताडा. अ‍ॅप म्हणतं पानं समोरासमोर आणि तुमच्या झाडाला एकाआड एक, तर ते नाव बाद, मग टक्केवारी कितीही मोठी दाखवू दे.

घरच्या अंगणातली नोंद टाकताना ठिकाण धूसर ठेवण्याची सोय आयनॅचरलिस्टवर आहे. ती वापरा, घराचा नकाशा सगळ्या जगाला दिसायला नको.

८. माणसांना विचारा, आणि नीट विचारा

मराठवाड्यात झाडांचं सगळ्यात पक्कं ज्ञान खुरपणाऱ्या बायांकडे आणि जनावरं राखणाऱ्यांकडे आहे. आठवडी बाजारात पाथरी, कुंजरू, तांदुळजा, करटुली विकायला बसणाऱ्या मावशींकडेही. ऑगस्टच्या सुमारास कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव भरतात, तिथे भाज्या आणि त्या ओळखणारी माणसं एकाच जागी भेटतात.

विचारताना 'मावशी, ही पाथरीच ना?' असं विचारू नका. समोरची व्यक्ती भिडेनं 'हो' म्हणते. झाड हातात द्या आणि विचारा, 'मावशी, याला तुमच्याकडं काय म्हणतात? कवा उगवतं? जनावर खातं का? तुम्ही काय करता याचं?' त्यांना बोलू द्या. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणाला तेच विचारा. दोघींनी स्वतंत्रपणे एकच नाव सांगितलं तर ते वहीत शाईनं लिहा.

शेळी खाते म्हणून माणसाला चालतं, असं मात्र समजू नका. शेळी बरंच काही पचवते.

९. नाव पक्कं कधी समजायचं

मी स्वतःसाठी नियम ठेवला आहे. एकमेकांवर अवलंबून नसलेली किमान तीन लक्षणं जुळली पाहिजेत, आणि त्यातलं एक फुलाचं किंवा फळाचं हवं. अ‍ॅपनं सांगितलं आणि त्याच अ‍ॅपमधल्या फोटोशी जुळलं, तर ते एकच लक्षण.

स्थानिक नावाबरोबर शास्त्रीय नावही लिहा, देवनागरीत लिहिलं तरी चालेल. याचं कारण व्यवहाराचं आहे. एकाच नावाखाली दोन वेगळी झाडं असतात आणि तालुका बदलला की नाव बदलतं. धोतरा (दतुरा) वांग्याच्या कुळातला, पांढऱ्या-जांभळ्या कर्ण्यासारख्या फुलांचा, काटेरी गोल बोंडाचा. पिवळा धोतरा (आर्जेमोन मेक्सिकाना) खसखशीच्या कुळातला, काटेरी पानांचा, पिवळ्या फुलांचा. नात्यानं दोघांचा संबंध नाही. विषारी मात्र दोन्ही. पिवळ्या धोतऱ्याचं बी मोहरीसारखं दिसतं. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात त्याच्या तेलाची भेसळ झाली आणि ड्रॉप्सीची (अंगाला सूज येणाऱ्या आजाराची) मोठी साथ आली, माणसं दगावली. मोहरीच्या किंवा गव्हाच्या वावरात तो दिसला तर बी धरण्याआधी काढून टाका.

१०. कुंडीत आपोआप आलेली रोपं आणि घरातली शोभेची झाडं

कुंडीत अचानक आलेलं रोप बहुतेक वेळा शेणखतातून, जुन्या मातीतून किंवा पाखराच्या विष्ठेतून आलेलं असतं. उगवल्यावरची पहिली दोन पानं ही बियांतली दलपत्रं असतात. ती पुढच्या पानांसारखी नसतात, त्यांच्यावरून काही ठरवू नका. चार-पाच खरी पानं येईपर्यंत थांबा. पिंपळ, वड आणि उंबर एवढेच अपवाद. भिंतीत किंवा गच्चीच्या फटीत त्यांची रोपं दिसली तर लहान असतानाच मुळासकट काढा आणि जमिनीत लावा. मूळ भिंतीत शिरलं की भिंत फुटते.

आंबुशीला लोक कोवळी मेथी समजतात. आंबुशीच्या तिन्ही पर्णिका टोकाला खाचेच्या, हृदयाच्या आकाराच्या. मेथीच्या लांबट गोल, कडेला बारीक दाते.

नर्सरीतली घरात ठेवायची झाडं फारशी फुलत नाहीत, त्यामुळे वरच्या अर्ध्या पायऱ्या तिथे चालत नाहीत. विकत घेतानाच नाव विचारा आणि कुंडीवर चिठ्ठी लावा. मनीप्लांट आणि डिफेनबाकिया यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान चावलं तर तोंडाची आग होते, जीभ सुजते. घरात रांगतं मूल असेल तर ही झाडं उंचावर ठेवा. दारातली पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी तर फारच जपून. तिच्या बिया हृदयावर परिणाम करतात आणि मुलं त्या खेळायला घेतात. लालभडक गुंजेपासूनही तसंच जपा.

११. खायचं असेल तर नियम वेगळा

ओळख नव्वद टक्के पटली तरी झाड वहीत लिहायला हरकत नाही. पोटात घालायला ती पुरत नाही. रानभाजी पहिल्यांदा खाताना ती वर्षानुवर्षं खाणाऱ्या व्यक्तीनं स्वतः खुडून दिलेली असावी. फोटो पाहून खुडलेली भाजी शिजवू नका.

गुळवेलीचा काढा घराघरात होतो. खऱ्या गुळवेलीचं पान हृदयाकृती, खोडावर पातळ पापुद्र्यासारखी सोलणारी साल, आणि वरून दोऱ्यासारखी मुळं लोंबतात. हिची जवळची बहीण टिनोस्पोरा क्रिस्पा. तिच्या खोडावर चामखिळीसारख्या गाठी असतात. सारख्या दिसणाऱ्या या वेलीपासून सावध राहायला २०२२ साली केंद्रीय आयुष मंत्रालयानंही सांगितलं होतं. कुंपणावरची कुठलीही हृदयाकृती पानांची वेल तोडून उकळणं थांबवा. खरी गुळवेलसुद्धा कुणी, किती आणि कधी घ्यायची हे वैद्य किंवा डॉक्टर ठरवतील.

बालाघाटाच्या आणि अजिंठ्याच्या डोंगरात पावसाळ्यात कळलावी फुलते. लाल-पिवळ्या, कडेला मुरडलेल्या पाकळ्या आणि पानाच्या टोकाला आधार धरणारा तणाव. अशी दुसरी वनस्पती आपल्याकडे क्वचितच. तिचं फूल डोळे भरून पाहा, पण कंदाला हात लावू नका. रानातला कंद समजून तो खाल्ला तर जीव जातो. फळांच्या वेलींत शेंदाड आणि वाळूक आपण आवडीनं खातो. मात्र कोणतंही शेंदाड, वाळूक, काकडी किंवा दुधी भोपळा चाखल्यावर कडू लागला तर लगेच थुंका आणि टाकून द्या. कडूपणा हीच तिथे विषाची खूण असते.

कुणी काही खाल्लंच तर उलटी करवायच्या, मिठाचं पाणी पाजायच्या फंदात पडू नका. १०८ वर फोन करा किंवा थेट दवाखाना गाठा, आणि त्या झाडाची फांदी, फळासकट, पिशवीत घालून सोबत न्या. डॉक्टरांना त्याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो.

१२. तरी नाव मिळत नसेल तर

नमुना घेऊन जाणकाराकडे जा. लहान झुडूप असेल तर मुळासकट, मोठं झाड असेल तर पान-फूल-फळ असलेली वीतभर डहाळी. त्याच दिवशी दाखवायची असेल तर ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत ठेवा. नंतर दाखवायची असेल तर कोरड्या वर्तमानपत्राच्या घड्यांमध्ये पसरून वर जड पुस्तकं ठेवा. एक पान उलटं ठेवा, म्हणजे खालची बाजूही दिसते. पावसाळ्यात कागद रोज बदला, नाहीतर बुरशी धरते. सोबत चिठ्ठी हवीच: तारीख, ठिकाण, उंची, फुलाचा रंग. वाळल्यावर रंग जातो आणि मग तो आठवत नाही.

पिकातलं तण असेल तर जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र किंवा परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ. रानातली वनस्पती असेल तर छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेडच्या विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक, नाहीतर जवळच्या महाविद्यालयातला तो विभाग. डॉ. व्ही. एन. नाईक यांचा 'फ्लोरा ऑफ मराठवाडा' हा १९९८ सालचा दोन खंडांतला इंग्रजी ग्रंथ ग्रंथालयात मिळाला तर तिथेच बसून पाहा. त्यात आपल्याच जिल्ह्यांतल्या नोंदी आहेत.

गौताळा, येडशी रामलिंग घाट, नायगाव मयूर अशा अभयारण्यांत मात्र पानही तोडू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तिथली झाडं तोडायला, उपटून न्यायला बंदी आहे. तिथे फक्त फोटो आणि वही.

जाणकारांनाही पान पाहून नाव सांगता आलं नाही तर ते विचारतील, 'फूल कधी येतं?' त्यासाठी वहीत त्या झाडाच्या नोंदीपुढे जागा कोरी सोडा आणि दर पंधरा दिवसांनी एक फोटो काढत राहा. कळी दिसली की पुन्हा पाचव्या पायरीपासून सुरुवात करा.